घरचा अभ्यास आणि हातातला मोबाईल

'गृहपाठ' हा शब्द ज्याने प्रथम योजला, त्याच्या घरी कोणीतरी शिकलेले माणूस नक्की असले पाहिजे. शाळेत शिकवलेले घरी पक्के करावे, अडले तर मोठ्यांना विचारावे, अशी त्यामागची कल्पना. परंतु भोर-वेल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात अशी पुष्कळ घरे आहेत की, जेथे विचारायचे कोणाला हाच पहिला प्रश्न पडतो. माझे घर त्यांपैकीच एक. भाताचे तरवे कधी टाकायचे, लावणी कधी धरायची, हे माझ्या आईवडिलांना कोणी शिकवायला नको. पण वहीतला प्रश्न पुढे केला की आई म्हणते, "मला काय कळतंय त्यातलं? तुझं तू बघ." मी आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली पहिली. त्यामुळे धाकट्या भावाच्या बाबतीत 'विचारायचे माणूस' होण्याची पाळी माझ्यावर आली. ते काम करताना ज्या चुका झाल्या व जे थोडेफार उमगले, ते येथे मांडीत आहे.

पूर्वी अडलेल्या मुलाला दोनच आधार असत. एक गाईड आणि दुसरा गावातला एखादा शिकलेला मनुष्य. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि तिसरा आधार घरात शिरला, तो म्हणजे मोबाईल. त्या वर्षी जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका सुरू झाली. शिक्षक व्हॉट्सॲपवर अभ्यास पाठवू लागले. पुढे शाळा उघडल्या. मोबाईल मात्र घरात राहिला. तो अभ्यासासाठी कितपत वापरला जातो, याचा अंदाज 'असर' २०२४ च्या अहवालावरून येतो. ग्रामीण भारतातील १४ ते १६ वर्षांच्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, असे तो सांगतो. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो शिक्षणाच्या काही कामासाठी वापरला होता आणि ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे साधन हाती आले आहे, पण ते अभ्यासाला कसे लावावे हे सांगणारे कोणी हवे.

माझ्या भावाचा प्रसंग सांगते. तो चौथीत असताना 'आपल्या परिसरातील एका किल्ल्याची माहिती दहा ओळींत लिहा' असा गृहपाठ मिळाला. आमच्या अंगणातून तोरणा दिसतो. तो सोडून दुसरा किल्ला निवडण्याचे कारणच नव्हते. घरात रेंज नसते, म्हणून तो मोबाईल घेऊन देवळाच्या पारावर गेला आणि अर्ध्या तासात दहा ओळी उतरवून आला. मीही समाधानाने वही मिटली. ती माझी पहिली चूक.

दुसऱ्या दिवशी त्याचा मित्र आला. त्यानेही तोरणाच निवडला होता. एकाच्या वहीत महाराजांनी तोरणा १६४३ मध्ये घेतल्याचे लिहिले होते, दुसऱ्याच्या वहीत १६४६. मी स्वतः शोधले तेव्हा एके ठिकाणी १६४७ सापडले. भावाने विचारले, "ताई, यातलं खरं कुठलं गं? मोबाईल खोटं बोलतो का?" मला उत्तर देता आले नाही. किल्ला समोर उभा आणि त्याची साधी गोष्ट आम्हाला सांगता येईना, याची मला लाज वाटली.

मी तो प्रश्न महाविद्यालयात आमच्या इतिहासाच्या सरांपुढे ठेवला. त्यांनी वर्ष सांगितले नाही. त्यांनी उलट विचारले, "महाराजांचा जन्म कोणत्या वर्षीचा धरला आहे, ते पाहिलेस का?" तेथून गाठ सुटू लागली. जन्माबद्दल पूर्वी शके १५४९ ची, म्हणजे १६२७ ची तिथी प्रचलित होती. नंतर जेधे शकावली पुढे आली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, तेव्हा १६२९ यायला हवे. पण फाल्गुन हा शकाचा शेवटचा महिना, तोपर्यंत इंग्रजी वर्ष बदललेले असते, म्हणून ७९ मिळवायचे. उत्तर येते १६३०. हीच १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख आज शासनाने मानलेली आहे.

आता तोरण्याकडे वळू. महाराजांनी सोळाव्या वर्षी तोरणा घेतला, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. १६२७ मध्ये १६ मिळवा, १६४३ येते. १६३० मध्ये १६ मिळवा, १६४६ येते. सतरावे वर्ष धरले तर १६४७. हा माझा तर्क आहे, निर्णय नव्हे. परंतु तिन्ही आकडे कोठून आले असावेत, हे चौथीच्या मुलाला बेरीज करून दाखवता आले. आणि ज्या शकावलीमुळे जन्मवर्षाचा विचार बदलला, ती कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातली. कारी आपल्या भोर तालुक्यातच आहे! लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्धीस आणली. पारावर बसून भाऊ ज्या प्रश्नात अडकला होता, त्याची एक किल्ली शेजारच्या तालुक्यातल्या एका वाड्यात पिढ्यान्पिढ्या जपून ठेवलेली होती.

या प्रसंगावरून मी माझ्यापुरती एक रीत ठरवली. ती अशी:

पहिली गोष्ट, मोबाईल उघडण्यापूर्वी मुलाला प्रश्न त्याच्या शब्दांत सांगायला लावावा. पुष्कळदा मूल उत्तरात अडलेले नसतेच. प्रश्नातल्या एखाद्या शब्दात अडलेले असते. तो शब्द कळला की अर्धे काम होते.

दुसरी गोष्ट, प्रथम पाठ्यपुस्तक. पुस्तक हरवले वा भिजले तरी अडत नाही. १९६७ पासून पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या बालभारतीने ती आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत. पुस्तकावर छापलेला क्यूआर कोड २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' ॲपमध्ये टिपला की त्या पाठाशी संबंधित साहित्य मिळते. रेंज असेल तेव्हा ते उतरवून ठेवावे, म्हणजे घरी पाहता येते.

तिसरी गोष्ट, पुस्तकापलीकडचे हवे असेल तर कोणी लिहिले हे समजते अशा जागी जावे. मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर वाचता येतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, आणि त्याचे काम झाले ते वाईला, म्हणजे मांढरदेवीच्या डोंगरापलीकडे. त्यातल्या नोंदींखाली लेखकाचे नाव असते. भाषा मात्र लहान मुलास जड जाते; ती सोपी करून सांगणे हे आपले काम. मराठी विकिपीडियाही उपयोगी आहे, पण तेथे कोणीही भर घालू शकतो, म्हणून तेथले वर्ष वा आकडा दुसरीकडे ताडून पाहावा. शोधताना नावांचेही भान ठेवावे. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, तेव्हा जुने व नवे अशी दोन्ही नावे टाकून पाहावीत. तोरण्याचे दुसरे नाव प्रचंडगड. त्या नावाने शोधले की वेगळी माहिती समोर येते.

चौथी गोष्ट, आयत्या उत्तराविषयी सावधपणा. अलीकडे मोबाईलला प्रश्न बोलून विचारला की तो स्वतः वाक्ये जुळवून उत्तर देतो. हे यंत्र प्रत्येक वेळी पुस्तक उघडून पाहतेच असे नाही. पुष्कळ मजकूर वाचून झाल्यावर पुढे कोणता शब्द यावा, याचा अंदाज बांधीत ते लिहिते. त्यामुळे चुकीचे उत्तरही ते तितक्याच ठामपणे देते. त्याला उत्तर मागण्याऐवजी 'हे मला सोप्या उदाहरणाने समजावून सांग' असे म्हणावे आणि त्याने सांगितलेले पुस्तकाशी ताडावे.

गणितात तर हे फारच जपावे लागते. वहीचे छायाचित्र घेतले की गणित सोडवून मिळते. भावाला एकदा तीन चतुर्थांश अधिक एक षष्ठांश असे उदाहरण होते. मोबाईलने अकरा बारांश हे उत्तर दिले, ते बरोबरही होते. पण 'बारा कुठून आले?' असे विचारताच तो गप्प झाला. तेव्हा आईने तव्यावरून नुकतीच उतरवलेली भाकरी घेतली आणि तिचे बारा सारखे तुकडे करायचे ठरवले. तीन चतुर्थांश म्हणजे नऊ तुकडे, एक षष्ठांश म्हणजे दोन. मिळून अकरा. चार आणि सहा या दोघांनाही पुरे पडेल अशी वाटणी बारालाच होते, हे त्याच्या आधी आईच्याच ध्यानात आले. "एवढंच होय!" ती म्हणाली. आमच्या घरी गृहपाठात आईने भाग घेतला तो त्या दिवशी प्रथम. जिला आम्ही अभ्यासातले काही कळत नाही असे धरून चाललो होतो, तिला वाटणी आमच्यापेक्षा चांगली कळत होती.

एक सूचना सुरक्षिततेची. शोधता शोधता एखादे संकेतस्थळ नाव, शाळा, मोबाईल नंबर मागते. मुलाने ते भरू नये. मोठ्या माणसाला बोलवावे. गृहपाठासाठी लागणारी बहुतेक माहिती काहीही न भरता मिळते.

शेवटी भावाने तोरण्याचा गृहपाठ पुन्हा लिहिला. वर्षाच्या जागी त्याने लिहिले, 'मला मोबाईलवर तीन वर्षे सापडली', आणि खाली तिन्ही बेरजा मांडल्या. दहाच्या बारा ओळी झाल्या. गुरुजींनी परीक्षेत पुस्तकाप्रमाणे लिहायला सांगितले, पण त्या बेरजा फळ्यावर मांडायला लावल्या.

आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे घरातून पहिलेच आलेले पुष्कळ आहेत. आपल्या प्रत्येकाच्या वाडीवर एखादे मूल संध्याकाळी मोबाईल घेऊन रेंज शोधीत पारावर बसलेले असते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, बंधारे घालतो. त्यातला रोज एक तास गावातल्या मुलांच्या गृहपाठाला द्यावा, अशी माझी प्राध्यापकांना व मित्रमैत्रिणींना विनंती आहे. उत्तरे सांगण्यासाठी नव्हे. मुलाच्या शेजारी बसून एवढेच विचारण्यासाठी की, "हे कुठून आलं, सांग बघू?"