ट्रॅक्टर उभा राहिला, रोटाव्हेटर नाही

ट्रॅक्टर चालवता येणं आणि ट्रॅक्टर थांबवता येणं ही दोन निरनिराळी कौशल्यं आहेत. खानदेशात पहिलं घरोघरी आलं, दुसरं मात्र कुणी कुणाला शिकवत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. गिअर कसा टाकायचा, सरी सरळ कशी धरायची, बांधाला वळण कसं घ्यायचं हे पोरगं बापाच्या शेजारी बसून शिकतं. पण यंत्र अडकलं तर सीटवरून उतरण्याआधी काय काय बंद करायचं, कोणत्या क्रमानं करायचं आणि ते बंद झालं हे कशावरून ओळखायचं, याचा धडा कुठेच नसतो. हा धडा सर्वांत आधी हवा, कारण पूर्वीचा ट्रॅक्टर मुख्यतः नांगर ओढत होता आणि आजचा ट्रॅक्टर मागचं यंत्र फिरवतो. नांगर ओढणारा ट्रॅक्टर उभा राहिला की नांगरही उभा राहतो. रोटाव्हेटर, पऱ्हाटीची कुट्टी करणारं श्रेडर, थ्रेशर, फवारणीचा ब्लोअर यांचं तसं नाही. ती चाकांवर नव्हे, पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर चालतात, आणि ट्रॅक्टर जागेवर उभा असतानाही पीटीओ पूर्ण जोरानं फिरत राहू शकतो.

घोटाळा इथंच होतो, आणि तो माणसाच्या निष्काळजीपणाइतकाच यंत्राच्या रचनेतही आहे. दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरवर पायडल अर्धं दाबलं की चाकांची ताकद तुटते, म्हणजे ट्रॅक्टर थांबतो. पीटीओ थांबवायला ते पार तळापर्यंत दाबावं लागतं. एकेरी क्लचच्या जुन्या ट्रॅक्टरवर दोन्ही एकदम थांबतात, पण पाय पायडलवर आहे तोवरच. गिअर न्यूट्रलला घेऊन पाय उचलला की ट्रॅक्टर जागचा हलत नाही आणि मागचा शाफ्ट मात्र पुन्हा सुरू होतो. काही नव्या ट्रॅक्टरांत पीटीओला वेगळा क्लच असतो. तिथं पायानं काहीच होत नाही, हातानं लिव्हर ओढावा लागतो. म्हणजे ‘क्लच दाबला’ या एकाच कृतीचे तीन ट्रॅक्टरांवर तीन अर्थ होतात. घरचा एक ट्रॅक्टर वर्षानुवर्षं चालवणाऱ्याच्या पायाला सवय झालेली असते. भाड्यानं फिरणारा ड्रायव्हर मात्र या हंगामात एका मालकाचा ट्रॅक्टर चालवतो, पुढच्या हंगामात दुसऱ्याचा. त्याच्या पायानं एका गाडीवर शिकलेली खात्री दुसऱ्या गाडीवर खोटी ठरते. म्हणून माझा आग्रह असा की थांबवण्याचं काम पायावर सोडूच नये. आधी पीटीओचा लिव्हर हातानं बंद करावा, यंत्र लिफ्टनं जमिनीवर टेकवावं, गिअर न्यूट्रलला घ्यावा, हँडब्रेक लावावा, इंजिन बंद करावं, चावी काढून खिशात घालावी, मागं वळून शाफ्ट खरोखर थांबलाय का ते डोळ्यांनी पाहावं आणि मगच पाय खाली टेकावा. हा क्रम कोणत्याही ट्रॅक्टरवर बदलत नाही. शाफ्टकडे पाहणं वगळू नये, कारण श्रेडरचा जड रोटर पीटीओ तोडल्यावरही आपल्याच वेगानं बराच वेळ फिरत राहतो. आणखी एक गोष्ट नव्या माणसाला सांगावीच लागते. अनेक ट्रॅक्टरांत चावी फिरवून इंजिन बंद होत नाही, डिझेल तोडणारा नॉब ओढावा लागतो. चावी काढली एवढ्यावर विसंबणं तिथं धोक्याचं आहे.

मागच्या शाफ्टजवळ थोडा वेळ तरी हाताशी असतो, ही समजूत साध्या गणितानं मोडते. पीटीओचा ठरलेला वेग मिनिटाला 540 फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टचा व्यास सात सेंटिमीटर धरला तर एका फेऱ्यात साधारण बावीस सेंटिमीटर कापड गुंडाळलं जातं आणि एका सेकंदात जवळपास दोन मीटर. लुगड्याचा पदर, गळ्यातला रुमाल, ओढणी, धोतराचा सोगा यांतलं काहीही एवढ्या वेळात पुरतं आत गेलेलं असतं. काहीतरी ओढलं जातंय हे मेंदूला कळून हात मागं घ्यायलाच अर्ध्या सेकंदाच्या वर लागतो. म्हणजे ‘सावध राहून काम करतो’ हे म्हणणं तिथं लागूच पडत नाही, कारण तो वेग माणसाच्या सावधपणापेक्षा जास्त आहे. कापड पकडायला फार काही लागतही नाही. क्रॉसवरचं ग्रीसचं निप्पल, शिअर बोल्टचं बाहेर आलेलं डोकं, नाहीतर मूळ पिनेच्या जागी ठोकलेला एखादा लांब खिळा एवढं पुरतं. शाफ्टवर येणारं प्लास्टिकचं आवरण याच्यासाठीच असतं. ते साखळीनं जखडलेलं असावं, आणि इंजिन बंद असताना हातानं फिरवलं तर शाफ्टवर मोकळं फिरावं. तसं फिरत नसेल तर ते शाफ्टबरोबरच फिरणार, आणि त्याचा उपयोग नाही.

जळगावच्या केळीत हा धोका अधिक का आहे, हे पिकाच्या जातीकुळीवरूनच समजतं. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यातल्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्याला अभिमान आहे. मृगबाग असो की कांदेबाग, घड उतरल्यावर उरतात ती पाण्यानं भरलेली, धागेदार खोडं. ती शेतातच कुटून मातीत मिसळणं जमिनीसाठी उत्तम आहे, पण तेच धागे रोटाव्हेटरच्या आसाला गुंडाळतात. त्यात ठिबकची विसरलेली नळी आली की आस जाम होतो. पाच फुटी रोटाव्हेटरला छत्तीसच्या आसपास वाकडी पाती असतात, आणि हे सगळं काढायला कुणीतरी विळा घेऊन त्या पात्यांमध्ये हात घालणार असतो. धुळे, शिरपूर, शिंदखेड्याकडे कपाशीत तोच प्रकार पऱ्हाटीचा. गुलाबी बोंडअळीच्या बंदोबस्तासाठी कपाशीचं फरदड न घेता पऱ्हाटी वेळेवर काढून कुट्टी करा, असं कृषी विद्यापीठं सांगतात, आणि ते अगदी योग्य आहे. पण त्या सल्ल्याबरोबर श्रेडर गावोगाव आलं, आणि श्रेडरमध्ये अडकलेली काठी कशी काढायची हे मात्र कुणी सांगितलं नाही. अशा कामात यंत्र अडकणं हा अपवाद नसतो. दिवसातून कितीदा तरी ते अडकणारच, तेव्हा उतरणं हा कामाचाच भाग धरून त्याची शिस्त बसवली पाहिजे.

माणूस सीटवर नसेल तर धारदार भाग फिरता कामा नये, हे तत्त्व जगानं केव्हाच मान्य केलं आहे. अमेरिकेत 1982 पासून, मागून ढकलत चालवायच्या गवत कापणी यंत्रांना असा नियम आहे की मूठ सोडल्यापासून तीन सेकंदांत पातं थांबलंच पाहिजे. बसून चालवायच्या मोठ्या यंत्रांच्या सीटखाली स्विच असतो. चालक उठला की पात्याची ताकद तुटते. तिथल्या माणसांनीही हे स्विच तार जोडून निकामी केलेच, पण यंत्र बनवणाऱ्यावर ती जबाबदारी आली हे महत्त्वाचं. स्वीडनमध्ये 1959 पासून नव्या ट्रॅक्टरांना उलटल्यावर चालकाला वाचवणारी चौकट सक्तीची झाली आणि पुढच्या काही दशकांत ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू तिथं जवळजवळ संपले. तिथले चालक एकाएकी शहाणे झाले म्हणून हे घडलं नाही. चूक झाली तरी जीव जाऊ नये, अशी रचना आधी केली गेली. आपल्याकडेही 1983 साली धोकादायक यंत्रांचं नियमन करणारा केंद्राचा कायदा आला, तो प्रामुख्यानं थ्रेशरमध्ये हात जाण्याच्या घटनांमुळे. त्यात मजुराच्या भरपाईचाही विचार आहे. म्हणजे प्रश्न सरकारला ठाऊक नव्हता असं नाही. तो थ्रेशरपुरता पाहिला गेला आणि नंतर आलेल्या यंत्रांच्या मागं कुणी तितक्या नेटानं लागलं नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो हंगामाचा. पाऊस तोंडावर आलाय, वाफसा आजच आहे, दुसऱ्याच्या शेतात ट्रॅक्टर उद्या जायचाय, आणि तुम्ही दर वेळी इंजिन बंद करायला सांगता. आक्षेप प्रामाणिक आहे, पण त्याचा हिशोब मांडून पाहावा. लिव्हर, नॉब, चावी आणि शाफ्ट थांबण्याची वाट, या सगळ्याला एक मिनिट लागतं. दिवसातून दहा वेळा यंत्र अडकलं तरी दहा मिनिटं. खरा प्रश्न त्या दहा मिनिटांचे पैसे कुणाचे हा आहे. तासाच्या दरानं काम असेल तर शेतकऱ्याला वाटतं, ड्रायव्हर वेळ काढतोय. एकराच्या दरानं असेल तर ड्रायव्हरला वाटतं, आपली कमाई जातेय. दोन्ही बाजूंनी घाईलाच मोल मिळतं. हे सोडवणं शेतमालकाच्या हातात आहे. ट्रॅक्टर सांगतानाच ‘अडकलेलं काढायचा वेळ माझ्याकडे लागेल, पण यंत्र बंद करूनच काढायचं’ असं सांगून ठेवलं तर ड्रायव्हरला घाई करण्याचं कारणच उरत नाही.

दुसरा आक्षेप अनुभवाचा. वीस वर्षं ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे काय शिकवायचं? मला वाटतं, या एका बाबतीत अनुभव उलटा शिकवतो. चालू शाफ्टवरून ओलांडून गेलं आणि काही झालं नाही, असं शंभरदा घडलं की माणसाचं मन त्याला पुरावा मानू लागतं. वास्तविक त्या शंभर वेळा कापड निप्पलला लागलं नाही, इतकंच. शिवाय कुशल माणूस सीटवर असतो आणि मागं हात घालणारा बहुधा दुसराच असतो: सालदार, रोजानं आलेला मजूर, कधी घरचीच बाई. ‘काढलं’ ही हाक इंजिनाच्या आवाजात ‘सोडा’ अशी ऐकू येते आणि पाय उचलला जातो. सीटवरच्याचं कौशल्य मागच्या माणसाचा हात वाचवत नाही. मागच्या माणसाला वाचवणारी गोष्ट एकच: इंजिन बंद होऊन चावी त्याच्याच खिशात असणं. मडगार्डवर बसवलेल्या पोराचंही तेच. रोटाव्हेटर चालवताना ट्रॅक्टर ताशी तीन-चार किलोमीटरनं जातो, म्हणजे सेकंदाला सुमारे मीटरभर. मडगार्डवरून निसटलेलं पोर आणि फिरती पाती यांच्यात एक-दोन सेकंदांचं अंतर उरतं. रोटाव्हेटर खोल जावा म्हणून त्यावर वजनाला माणूस उभा करणं तर सरळसरळ बंदच झालं पाहिजे. वजन हवं तर दगड बांधावा.

सगळ्यांत अवघड आक्षेप बॅटरीचा आहे, आणि तो बोलून दाखवला जात नाही. ट्रॅक्टर दिवसभर चालू ठेवला जातो तो आळसानं नव्हे. सेल्फ दमलेला असतो, बॅटरी मेलेली असते, एकदा बंद पडला की उताराला नेऊन धक्का द्यावा लागतो. काही जण स्टार्टरच्या दोन टोकांना पाना टेकवून खालूनच इंजिन सुरू करतात. अनेक ट्रॅक्टरांत क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू नये अशी सोय असते, ती या पान्यानं निरुपयोगी होते. गिअर पडलेला असेल तर ट्रॅक्टर समोर उभ्या माणसाच्या अंगावर चालून येतो. इथं मी तडजोड सुचवणार नाही. जो ट्रॅक्टर हवा तेव्हा बंद करून पुन्हा सुरू करता येत नाही, तो पीटीओवरच्या कामाला नालायक आहे. त्यानं नांगरावं, वखरावं, पण रोटाव्हेटर जोडू नये. बॅटरीचे पैसे जड वाटतात हे खरं, पण डिझेलचा आणि पात्यांचा खर्च धरताना आपण तो कामाचा खर्च मानतो. बॅटरीही त्याच वहीत लिहायची.

अपघात झाल्यावर काय मिळतं, हेही माहीत असावं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू झाला किंवा दोन अवयव गेले तर 2 लाख आणि एक अवयव गेला तर 1 लाख रुपये मिळतात. योजना चांगली आहे, पण ती सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातली एक व्यक्ती यांच्यासाठी आहे. पात्यात हात घालणाऱ्या भूमिहीन सालदाराला तिच्यात जागा नाही. त्याच्यासाठी भरपाईचा रस्ता कामगार कायद्यातून जातो. 1923 च्या भरपाई कायद्यानंच यंत्रानं शेती करणाऱ्या मजुराला यादीत घेतलं होतं, आणि ती जबाबदारी कामावर ठेवणाऱ्याची धरली होती. मालकांना हे ठाऊक नसतं, सालदाराला तर नसतंच.

म्हणून हा विषय हंगामाच्या धांदलीत नव्हे, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला काढावा असं मला वाटतं. सालदाराचं साल आपल्याकडे तेव्हाच ठरतं. धान्य, पैसा, कपडे यांच्या बोलीत आणखी काही गोष्टी ठरवून घ्याव्यात: शाफ्टला आवरण मालक बसवून देईल, बॅटरी-सेल्फ मृगाआधी नीट करून देईल, चालू यंत्राला हात लावायला कुणीही सांगणार नाही आणि सांगितलं तर सालदारानं नाही म्हटलेलं चालेल. नव्या ट्रॅक्टरवर पहिल्या दिवशी रिकाम्या रानात, रोटाव्हेटर जमिनीपासून जरा उचलून, मागं आणि बाजूला कुणीही उभं नसताना अर्धा क्लच, पूर्ण क्लच आणि पीटीओचा लिव्हर यांनी काय थांबतं आणि काय नाही, हे प्रत्येक चालवणाऱ्याला लांबून दाखवावं. ममुराबाद, पाल आणि धुळ्याच्या कृषी विज्ञान केंद्रांत शेतकऱ्यांच्या तुकड्या प्रशिक्षणाला येतच असतात; तिथं ट्रॅक्टर दाखवताना सुरुवात बंद करण्यापासून व्हावी, आणि त्या तुकडीत सातबारावाल्यांबरोबर त्यांचे सालदारही बोलावले जावेत.