घरातली बोलणी टिपताना

बेलापूर गाव, नवी मुंबई

चि. पोरी,


घरातल्या म्हाताऱ्या माणसांची बोलणी मोबाइलवर टिपून ठेवायचं मनावर घेतलंस, फार बरं केलंस. फक्त नवी मुंबई विमानतळाच्या नावाच्या वादापासून सुरुवात करू नकोस. २०२१ साली तुझे बाबा शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नावासाठी १० जूनच्या मानवी साखळीत उभे राहिले, आणि मोठे काका बाळासाहेब ठाकऱ्यांच्या नावावर ठाम होते. आजही तो विषय काढलास तर दोघंही सभेतलं भाषण ऐकवतील, घरातलं काही सांगणार नाहीत.

जमिनीपासून सुरू कर. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात निघाल्या. आपली खाचरं कुठे होती, मिठागरावर कोण राबायचं, भरपाईचा पैसा कुणाच्या हाती आला आणि कशात गेला, हे विचार. मग १९८४ वर ये. १६ आणि १७ जानेवारीला दास्तान फाटा, नवघर भागात जमिनींसाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांच्या मोर्चावर पोलिसांचा गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मे झाले. मोर्चाला कोण गेलं होतं हे सगळे सांगतात. घरी कोण राहिलं आणि का, तेही विचार, पण त्याला मान खाली घालावी लागेल अशा सुरात नको. ज्याच्या घरात नुकती कुठे नोकरी लागली होती, त्याची भीतीही खरीच होती.

बाबा आणि काका, दोघांना वेगवेगळं बसव. तुझी मतं मला ठाऊक आहेत, ती त्या वेळी बाजूला ठेव. काकांचं बोलणं पटलं नाही म्हणून एक वाक्यही कापू नकोस. अगं, खुद्द दि. बा. बहुतेक आयुष्य शेतकरी कामगार पक्षाचे, आणि उतारवयात शिवसेनेत गेले. लाल बावटा आणि भगवा असे दोन कप्पे करून आपली माणसं त्यात मावायची नाहीत. आणि आगरी बोलीत बोलू लागले की मध्येच ‘नीट मराठीत सांगा’ म्हणू नकोस. ज्याचं बोलणं त्याला विचारल्याशिवाय घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तुकडाही टाकू नकोस.

सगळ्यात महत्त्वाचं, बायकांना बसव. पुरुष बोलायला लागले की त्या चहाला आत जातात. धाकट्या आजीला लग्नातले धवले पाठ आहेत, ते आधी घे. गेलेल्या जमिनींच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले तेव्हा किती बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या, हे पुरुष आपणहून सांगणार नाहीत. मीही सही केली आहे. का केली ते तुला सगळं सांगेन, रेकॉर्डिंग चालू ठेवून, आणि ते तुझ्या बाबांना ऐकवायला माझी परवानगी आहे. रविवारी तीननंतर ये. तो कागद काढून ठेवते.

तुझी,
आत्या