३५ कळा, १२ तारा

काचेच्या पडद्यावर बोट टेकवून अक्षरे उमटवण्याची आता आपल्याला सवय झाली आहे. पण त्याआधी खिशात मावणारे, खऱ्याखुऱ्या कळांचे फोन होते. कॅनडातील वॉटर्लू येथील 'रिसर्च इन मोशन' या कंपनीने १९९९ साली 'ब्लॅकबेरी' हे ई-मेलचे उपकरण बाजारात आणले. २००२ साली त्याच्या ५८१० या नमुन्यात फोनचीही सोय झाली. बोलताना मात्र वेगळा हेडसेट लावावा लागे! व्यापारी आणि अधिकारी प्रवासातही दोन अंगठ्यांनी पत्रे लिहू लागले.

आता प्रश्न असा, की एवढ्या छोट्या जागेतील कोणती कळ दाबली गेली, हे यंत्राला कसे कळते?

समजा, ३५ कळा आहेत. प्रत्येकीला स्वतंत्र तार द्यायची तर ३५ तारा हव्यात. त्याऐवजी ५ आडव्या आणि ७ उभ्या तारा एकमेकींना न चिकटता ठेवू. त्यांचे छेद ५ × ७ = ३५. प्रत्येक छेदावर एक कळ. तारा मात्र १२ च!

कळेखाली धातूचा लहानसा घुमट असतो. दाबताच तो 'टक्' करून आत जातो आणि तेथील आडवी व उभी तार जोडतो. बोट उचलले की स्थितिस्थापकतेमुळे पुन्हा वर येतो. इकडे फोनमधील चिप पहिल्या आडव्या तारेला विद्युत्दाब देते आणि सातही उभ्या तारा तपासते. मग दुसरीला, मग तिसरीला. तिसऱ्या आडव्या तारेच्या वेळी चौथ्या उभ्या तारेत दाब आढळला, तर कळ सापडली! ही फेरी काही सहस्रांश सेकंदांत संपते. आपले बोट कळेवर त्याहून कितीतरी जास्त वेळ असते. म्हणून कळ निसटत नाही.

२००७ साली आयफोन आला. कळा पडद्यावरच उमटू लागल्या आणि काम संपताच नाहीशा होऊन चित्रांना जागा देऊ लागल्या. खऱ्या कळांना हे कसे जमणार? ४ जानेवारी २०२२ रोजी जुन्या ब्लॅकबेरी फोनांची सेवा थांबली. पण आडव्या-उभ्या तारांची युक्ती टिकून आहे. संगणकाच्या कळफलकात ती आहेच. आजच्या स्पर्शपडद्यातही पारदर्शक वाहकाच्या आडव्या-उभ्या पट्ट्याच असतात. तेथे जोडणी होत नाही. बोटामुळे छेदावरील विद्युत्धारिता बदलते, ती मोजतात.

आता तुम्ही विचार करा. कागदावर २ आडव्या व २ उभ्या तारा काढा. चार छेदांपैकी तीन कळा एकदम दाबल्या, तर चौथी न दाबताही दाबल्यासारखी का भासेल? प्रवाहाची वाट पेन्सिलीने गिरवून पाहा. मग सांगा, एका वेळी दोनच कळा दाबणाऱ्या दोन अंगठ्यांना ही अडचण का येत नाही?