डोंगरावरचा वणवा आणि आपल्या हंड्यातले पाणी

पाडवा झाला की धारूर, वडवणी, पाटोद्याकडे रात्रीचा प्रवास करणाऱ्यांना डोंगराच्या कडेने आगीच्या माळा दिसू लागतात. कोणी गवत चांगले फुटावे म्हणून काडी लावतो, कोणी बांध पेटवतो आणि आग हाताबाहेर जाते, कोणी विडीचे थोटूक टाकून पुढे जातो. दवाखान्यात हा विषय निघाला की रुग्ण मला विचारतात, "डॉक्टरसाहेब, डोंगर सरकारचा, गवत सरकारचे. जळाले तर आपले काय जाते?"

माझे उत्तर असे : आपले पिण्याचे पाणी जाते, आणि वेळप्रसंगी घरदार व माणूसही जातो. फक्त ते आज जात नाही, दोन महिन्यांनी जाते. म्हणून लक्षात येत नाही. या आठवड्यात आपण हेच समजून घेऊ.

वणव्याचा पुराशी संबंध काय?

घरच्या घरी एक प्रयोग करून पाहा. एक पत्रा तिरका ठेवा आणि वरून तांब्याभर पाणी ओता. पाणी क्षणात खाली येईल. आता त्याच पत्र्यावर जुने गोणपाट अंथरा आणि पुन्हा तांब्याभर पाणी ओता. काही पाणी गोणपाट पिईल, बाकीचे हळूहळू झिरपत येईल. डोंगरावरचे गवत, झुडपे आणि पालापाचोळा म्हणजे हे गोणपाट होय. वणवा ते जाळून टाकतो आणि उघडा पत्रा शिल्लक ठेवतो.

उघड्या मातीवर वळवाचा टपोरा थेंब आदळला की मातीचे बारीक कण उडतात आणि जमिनीची छिद्रे बुजवतात. पाणी मुरण्याऐवजी वरून धावू लागते. दाट झाडी फार तापून जळाली असेल तर आणखी एक गोष्ट घडते. जळालेल्या पाल्यातील मेणासारखे पदार्थ मातीत उतरतात आणि पाणी न शोषणारा थर तयार होतो. आपल्याकडची गवताची आग झरझर पुढे सरकते, त्यामुळे हा थर कमी बनतो. पण आपल्या डोंगरावर मुरमावर वीतभरच माती असते. तिचे पांघरूण गेले की नुकसान व्हायला तेवढे पुरे होते.

वाहणारे पाणी नुसते पाणी नसते. त्यात राख, माती, जनावरांचे शेण, अर्धवट जळालेल्या फांद्या आणि दगडगोटे असतात. हा सगळा राडा ओढ्यातून नळकांडी पुलाशी येतो, तोंड बुजवतो आणि पाणी वस्तीत शिरते. त्यामुळे एरवी ज्या पावसाने ओढा नुसता भरून वाहिला असता, त्याच पावसाने वणव्यानंतर पूर येऊ शकतो.

आपली सिंदफणा कोठून येते?

सिंदफणा पाटोदा तालुक्यातील डोंगरात उगम पावते. बीडहून येणारी बिंदुसरा तिला मिळते. पुढे माजलगावचे धरण लागते आणि शेवटी मंजरथला ती गोदावरीला मिळते. माजलगाव धरणात पैठणच्या उजव्या कालव्याचे पाणी येते, तसेच डोंगराचेही येते. बीड शहरही या धरणाचे पाणी पिते. म्हणजे पाटोद्याच्या डोंगरावरची राख पावसाळ्यात ओढ्यानाल्यांनी आपल्याच पाण्याच्या वाटेला लागते.

डोंगरातले पाणी किती कमी वेळ देते, हे आपल्या जिल्ह्याने जुलै १९८९ मध्ये पाहिले. बिंदुसरेच्या पुराने बीड शहरात हाहाकार उडवला आणि अनेकांचे प्राण गेले. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, सिंदफणा पात्राबाहेर आली आणि माजलगाव धरणाचे दरवाजे उघडावे लागले. हे दोन्ही पूर अतिवृष्टीचे होते, त्यांचा दोष मी वणव्यावर टाकत नाही. पण जेथे साधा डोंगर असा पूर आणतो, तेथे जळालेला डोंगर काय करील, याचा विचार आधीच केलेला बरा.

इतरांना लागलेली ठेच

या विषयाचा सखोल अभ्यास अमेरिकेत झाला, कारण तेथे त्याची किंमतही मोठी मोजावी लागली. कॅलिफोर्निया राज्यात डिसेंबर २०१७ मध्ये प्रचंड वणवा लागला. त्यात सरकारी जंगलाचा मोठा भाग जळाला. ९ जानेवारी २०१८ च्या पहाटे त्या जळक्या डोंगरावर जोराची सर आली. एका ठिकाणी अवघ्या ५ मिनिटांत सुमारे १३ मिलिमीटर पाऊस पडला. खालच्या मॉन्टेसिटो गावावर चिखल आणि दगडांचा लोंढा आला आणि २३ माणसे दगावली. आग शेवटपर्यंत विझलीही नव्हती, तोच पूर आला होता. घरे सोडण्याच्या सूचना आधीच दिल्या होत्या, पण अनेक जण घरातच राहिले.

दुसरे उदाहरण न्यू मेक्सिको राज्यातील लास वेगास या लहान गावाचे. जुगारासाठी प्रसिद्ध असलेले शहर ते वेगळे. २०२२ साली तेथील वनखात्याने सुक्या पाल्याचा धोका कमी करण्यासाठी स्वतःच लावलेली आग आवाक्याबाहेर गेली आणि ३ लाख ४० हजार एकरांहून अधिक क्षेत्र जळाले. पावसाळ्यात नदीतून राख आणि गाळ वाहू लागला. जलशुद्धीकरण केंद्राला तो झेपेना. गावापुढे काही आठवड्यांपुरतेच पाणी उरले. त्या गावाला पाण्याने बुडवले नाही, पण प्यायला पाणी ठेवले नाही. आरोग्याच्या दृष्टीने आपण हा दुसरा धडा अधिक ध्यानात ठेवावा.

तेथे आता मोठी आग आटोक्यात येताच तज्ज्ञांचे पथक डोंगर पाहून येते, खाली कोणती वस्ती व कोणता पाणवठा धोक्यात आहे याचा नकाशा करते आणि पाऊस येण्यापूर्वी कामे सुरू होतात. आपल्याला पथकाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्याकडे ग्रामसभा आहे.

हातात असलेले ३७ दिवस

ग्रामसभा १ मे रोजी होते आणि मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते. मध्ये अवघे ३७ दिवस असतात. एरवी आपण काय करतो? पाणी गावात शिरले की खालची गटारे उपसतो. "आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी" म्हणतात ते हेच. काम वरपासून सुरू केले पाहिजे.

ग्रामसभेत पुढील गोष्टी ठरवून घ्याव्यात :

१) गावाच्या वरच्या अंगाला यंदा कोठे जळाले, ते क्षेत्र कोणत्या ओढ्यावर येते आणि त्या ओढ्याकाठी कोणाची घरे व कोणती विहीर आहे, याची यादी करावी.

२) जमीन वनखात्याची असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी कळवावे व त्यांच्या संमतीने काम करावे. गायरान असेल तर ग्रामपंचायतीने ठराव करावा.

३) उताराला आडवे समपातळी चर आणि ओघळीत दगडी बांध घालावेत. चराच्या मातीवर पवना, मारवेल यांसारख्या गवताचे बी टाकावे. ऊसतोडीहून परतलेल्या माणसांच्या हाताला याच काळात कामाची गरज असते. रोजगार हमीतून अशी कामे मागता येतात.

४) परदेशात जळक्या उतारावर पेंढा पसरतात. आपल्या भागात उसाचे पाचट भरपूर आहे, आणि तेही आपण जाळतोच. ते शेतात कुजवावे. उरलेले जळक्या उतारावर पसरून वर दगड ठेवावेत, मात्र पाऊस अगदी तोंडावर आल्यावर, नाहीतर तेच पुन्हा पेटेल. पऱ्हाट्यांच्या मोळ्या ओघळीत आडव्या टाकल्या तरी माती अडते.

५) जळालेल्या जागी एक पावसाळा चराईबंदी पाळावी. गवत कापून आणावे, जनावर सोडू नये.

६) सर्व नळकांडी पूल ७ जूनपूर्वी मोकळे करावेत.

मुळात वणवा लागूच नये, हे सर्वांत स्वस्त औषध. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरला जातो. आग दिसताच वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. राखीव जंगलात आग लावणे हा भारतीय वन कायदा, १९२७ नुसार तुरुंगवास व दंडाचा गुन्हा आहे. जाळल्याने गवत चांगले येते, हा समज दोन-चार आठवड्यांच्या हिरवळीवरून झालेला आहे. वाहून गेलेली माती पुढच्या पिढीलाही परत मिळत नाही.

पहिल्या पुराचे पाणी

पावसाळ्याच्या सुरुवातीला माझ्याकडे जुलाबाची मुले वाढतात. गढूळ पाण्यात क्लोरीनचे काम नीट होत नाही, कारण राखेतील व मातीतील सेंद्रिय घाण क्लोरीन स्वतःच खाऊन टाकते. जंतूंसाठी ते उरत नाही. पावडर टाकली एवढ्यावर समाधान मानू नये.

साधारण १००० लिटर स्वच्छ पाण्याला अडीच ग्रॅम चांगली ब्लिचिंग पावडर लागते. ५ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर ते सुमारे ७८,५०० लिटर भरते. म्हणजे जवळजवळ २०० ग्रॅम पावडर झाली. बादलीत तिचे पाणी करावे, चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडावे आणि एक तास विहीर वापरू नये. गढूळ पाण्याला हे प्रमाण पुरणार नाही. म्हणून जलसुरक्षकाकडून ओ.टी. टेस्ट करून घ्यावी. पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन शिल्लक आहे. पाणी घरी पोचेपर्यंत लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरले पाहिजे. पावडरीचे पोते उघडे वा ओलीत ठेवू नका, तिची ताकद जाते.

घरी पाणी चौपदरी फडक्याने गाळा, तुरटी फिरवून निवळू द्या आणि मग खळखळून उकळा. राखेचा वास वा रंग राहिला तर ते पाणी पिऊ नका, कारण उकळल्याने जंतू मरतात, रसायने जात नाहीत. कचरा व प्लास्टिक जळालेल्या जागेच्या खालची विहीर म्हणूनच जपावी.

मुलाला जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजा. अंगावरचे दूध बंद करू नका. झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्याव्यात. मूल निपचित पडले, डोळे खोल गेले किंवा लघवी बंद झाली तर दवाखाना गाठा.

चिखलात काम केल्यानंतर ताप, पोटऱ्या दुखणे व डोळे लाल होणे ही लेप्टोस्पायरोसिसची लक्षणे असू शकतात. त्यात उशीर नको. चिखलात जखम झाली तर धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नका. पुराबरोबर सापही घरात येतात. साप चावल्यास कापू नका, घट्ट बांधू नका. तो भाग न हलवता सरकारी रुग्णालयात न्या. सर्पदंशाची लस तेथे मोफत मिळते.

पाणी येताना

आपल्या गावात थेंब नसतानाही वर डोंगरावर पाऊस कोसळत असेल तर ओढा येतोच. वरच्या गावातील दोन माणसांचे दूरध्वनी क्रमांक ओढ्याकाठच्या प्रत्येक घरात असावेत. निरोप येताच दवंडी किंवा मंदिराचा भोंगा वाजवावा. ओढ्याचे पाणी अचानक काळे झाले, फांद्या वाहत आल्या, वरून घरघर ऐकू आली किंवा वाहता ओढा एकाएकी आटला, तर सामान न आवरता उंचावर जा. कोणत्या म्हातारीला कोणी उचलायचे, हे आधीच ठरलेले असावे. गुडघाभर वाहते पाणी माणसाला पाडते आणि दोन फूट पाणी बहुतेक मोटारी वाहून नेते. फरशीवर पाणी असेल तर थांबा.

जळालेला डोंगर एका पावसात सावरत नाही. त्याला काही वर्षे लागतात, आणि तेवढी वर्षे खालच्या गावाने सावध राहायचे असते. यंदा ज्यांच्या गावाच्या वर आग लागली, त्यांनी हा अंक १ मेच्या ग्रामसभेला सोबत न्यावा आणि सहाही कामे एकेक करून वाचून दाखवावीत.