फोन चिकटून बसतो तेव्हा

साताऱ्यातलं आमचं घर जुनं, भिंती दगडी, दीड हात जाड. राउटर खाली ओसरीवर. ऑनलाइन शिकवण्या सुरू केल्यावर मी माडीवर बसायला लागलो आणि तिथे वाय-फाय पोचेना. म्हणून एक्स्टेंडर आणला. माडीवर जिथे रेंजचा मागमूस नव्हता नेमका तिथेच लावला आणि त्याला वेगळं नाव दिलं. वर कुणाचं तरी ऐकून ओसरीवरच्या नेटवर्कचं नाव लपवूनही टाकलं, सुरक्षित म्हणून. एका दुपारी तीन चुका.

शिकवता शिकवता जिना चढलो की पलीकडच्या पोरांना माझं तोंड उघडंच थिजलेलं दिसायचं. इंटरनेटवाल्याला मी चार वेळा झापलं. तो बिचारा निर्दोष होता.

दिवाळीत भाचा आला. तो नेटवर्कच्याच कामात. म्हणाला, "मामा, राउटर कधी सोडायचा हे राउटर ठरवत नाही, फोन ठरवतो." आयफोन साधारण उणे ७० डीबीएमपर्यंत जुन्या राउटरलाच धरून राहतो. त्याखाली सिग्नल घसरला की मगच दुसरा शोधतो, आणि बोलणं चालू असेल तर तो दुसरा निदान ८ डीबीने सरस असावा लागतो. शिवाय हा शोध त्याच नावाच्या नेटवर्कपुरता. माझ्या एक्स्टेंडरचं नाव वेगळं, म्हणजे फोनच्या लेखी ते परकं घर. आणि त्याला स्वतःलाच सिग्नल मिळत नव्हता, तो पुढे काय वाटणार?

आता एक्स्टेंडर जिन्याच्या मध्यावर आहे. दोन्हींचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच. जमत असेल तर मात्र एक्स्टेंडरऐवजी केबल ओढून दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट बसवा. तसं केलंत तर २.४ गिगाहर्ट्झवर दोघांना १, ६, ११ यांतले वेगवेगळे चॅनल द्या.

लपवलेल्या नावाची गोष्ट एसटी स्टँडजवळच्या टपरीवर कळली. राउटर सेकंदाला सुमारे दहा वेळा "मी अमुक" अशी आरोळी देतो. नाव लपवलं तरी आरोळी थांबत नाही, फक्त त्यातली नावाची जागा रिकामी जाते. मग फोनलाच नाव घेऊन विचारत फिरावं लागतं. चहा पिता पिता भाच्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर आमच्या घराच्या नेटवर्कचं नाव! माझा फोन तिथे बसून घराला हाका मारत होता आणि त्या कुणालाही ऐकू येत होत्या. लाज वाटली. घरी जाऊन नाव उघडं केलं आणि फोनमधलं जुनं नेटवर्क काढून नव्याने जोडलं, नाहीतर त्याची हाका मारायची सवय जात नाही.

त्याच ओघात लॉजची, स्टेशनची बिनपासवर्डची जुनी नेटवर्कंही पुसली. त्याच नावाचं खोटं नेटवर्क कुणीही उभं करतं आणि फोन आपणहून जोडला जातो. २०१२ साली आलेल्या पासपॉइंट नावाच्या वाय-फाय सोयीत फोन जोडण्याआधी चौकशी करतो आणि प्रमाणपत्र पारखतो. पण ती सोय असेल तिथेच.

राउटरच्या सेटिंगमध्ये ८०२.११ पुढे के, व्ही, आर अशी अक्षरं दिसतील. राउटर बदलताना फोनला मदत करणाऱ्या या सोयी. 'के' शेजारच्या अ‍ॅक्सेस पॉइंटांची यादी देतं, त्यामुळे फोनला सगळे चॅनल धुंडाळावे लागत नाहीत. 'व्ही' म्हणजे "आता तिकडे जा" अशी सूचना, जी फोन धुडकावू शकतो. ही दोन्ही असतील तर खुशाल चालू ठेवा. 'आर' नव्या ठिकाणी ओळख पटवण्याचा वेळ वाचवतं, पण त्याचा खरा फायदा प्रत्येकाचं वेगळं लॉगिन असलेल्या ऑफिसात. साध्या पासवर्डच्या घरात फरक थोडाच पडतो. मी हौसेने चालू केलं तर जुना प्रिंटर जोडलाच जाईना. दोन दिवस मी शाईची काडतुसं बदलत बसलो होतो.