प्रतिपिंडांचे तुकडे : सर्पदंशापासून संधिवातापर्यंत

निपाणी परिसरात तंबाखूच्या व उसाच्या शेतांत राबणाऱ्यांना सर्पदंशाचे भय नवे नाही. कर्नाटक शासनाने २०२४ साली सर्पदंशाच्या प्रत्येक घटनेची नोंद बंधनकारक केली. दंशावर शिरेतून दिले जाणारे प्रतिविष कसे तयार होते, हे जाणून घेणे उद्बोधक आहे.

नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांचे विष अल्प प्रमाणात घोड्यास टोचले जाते. त्यामुळे घोड्याच्या रक्तात विषास निष्प्रभ करणारी प्रथिने, म्हणजेच प्रतिपिंडे, निर्माण होतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कार्याशी दीर्घकाळ निगडित आहे.

प्रतिपिंडाचा आकार बेचक्यासारखा असतो. त्याच्या दोन भुजा विषास घट्ट पकडतात, तर खालचा दांडा शरीरातील इतर संरक्षक यंत्रणेस चेतवितो. घोड्याचा हा दांडा माणसाच्या शरीरात अनिष्ट प्रतिक्रिया उत्पन्न करू शकतो. म्हणून पेप्सिन या पाचक द्रव्याच्या साहाय्याने तो वेगळा करून केवळ भुजा वापरतात. तरीही प्रतिक्रियेचा धोका पूर्णपणे टळत नाही. म्हणूनच हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे लागते.

हेच तत्त्व आता अन्य विकारांतही उपयोगी पडत आहे. रुमॅटॉइड संधिवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते व दाह वाढविणारे एक द्रव्य अतिरिक्त प्रमाणात स्रवते. त्या द्रव्यास पकडणारी प्रतिपिंडाची एकच भुजा सर्टोलिझुमॅब पेगॉल या औषधात असते. २००९ साली अमेरिकेत या विकारासाठी त्यास मान्यता मिळाली. दांडा नसल्याने ते गर्भापर्यंत अत्यल्प प्रमाणातच पोहोचते.

१९९३ साली ब्रुसेल्सच्या संशोधकांनी उंटाच्या रक्तात साध्या रचनेची प्रतिपिंडे असल्याचे प्रसिद्ध केले. त्यांचे टोक नेहमीच्या प्रतिपिंडाच्या सुमारे एक दशांश वजनाचे असूनही पकड पक्की असते. प्रथिनांच्या खाचाखोचांत शिरून त्यांची रचना अभ्यासण्यास ते उपयुक्त ठरते. अशा तुकड्यांपासून बनविलेल्या कॅप्लासिझुमॅब या औषधास २०१८ साली युरोपात मान्यता मिळाली. स्वतःच्याच प्रतिपिंडांमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याच्या एका दुर्मिळ विकारावर ते दिले जाते.

या ज्ञानाचा लाभ मात्र रुग्ण वेळेवर रुग्णालयात पोहोचला तरच मिळतो. सर्पदंश होताच जखम कापू अगर चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रुग्णास विनाविलंब नजीकच्या शासकीय रुग्णालयात न्यावे. शिक्षकांनी ही माहिती विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचवावी.