पाचशे ब्लॉक आणि पासष्ट पोती

वॉल कंपाउंडचा अंदाज करायला बसलेला माणूस सगळ्यात आधी ब्लॉक मोजतो. प्रस्तुत लेखकाच्या दाजींनीही तेच केलं. बार्शीकडे काळ्या रानालगत त्यांचा प्लॉट. एक बाजू शंभर फुटांची, भिंत पाच फुटी, म्हणजे पाच ब्रास काम. ब्लॉकवाल्याने ब्रासला किती नग लागतील ते सांगितलं, गुत्तेदाराने मजुरी सांगितली, सिमेंटची ‘वीसेक पोती’ धरली आणि लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बेरीज झालीसुद्धा. काम अडलं ते खड्ड्यांत. चार फुटांवर मुरूम लागेल असं धरून चाललेलं, पण एकेका खड्ड्यातून सातव्या फुटापर्यंत काळी मातीच वर येत राहिली. ‘मालक, अजून काळीच हाय,’ एवढंच बिगारी सांगायचा आणि दाजी खिशातला मोबाइल काढून पुन्हा आकडेमोड करायचे. भिंतीचा पहिला ब्लॉक बसण्याआधीच अंदाजातले निम्म्याहून जास्त पैसे गेले होते.

ब्लॉकचा आकडा त्यांनी बरोबर काढला होता. बाकीची भिंत कागदावर आलीच नव्हती.

ती कागदावर कशी आणायची, याचा हिशोब दाजींच्याच शंभर फुटांवर करून बघता येतो. बाजारात ज्याला सहा इंची ब्लॉक म्हणतात, त्याचं प्रमाणित माप सांध्यासकट ४०० बाय २०० बाय १५० मिलिमीटर. दर्शनी बाजू साधारण १६ इंच बाय ८ इंच. प्रत्यक्ष ब्लॉक लांबीला आणि उंचीला दहा मिलिमीटर कमी असतो, ती जागा मालाच्या सांध्याची. या मापाने चौरस मीटरला साडेबारा ब्लॉक बसतात, ब्रासला सुमारे एकशे सोळा. पण तालुक्याच्या गावात सगळ्यांचे साचे सारखे नसतात. कुणाचा ब्लॉक १२ इंच बाय ८ इंच असतो आणि मग ब्रासला दीडशे नग लागतात. नगाचा दर ऐकून ‘हा स्वस्त’ म्हणणारा इथेच फसतो. ब्लॉकवाल्याच्या आवारात टेप घेऊन जावं, चार ब्लॉक मोजावेत आणि दराची तुलना नगावर न करता चौरस फुटावर करावी.

पुढची गोष्ट उंचीची. आठ इंचांचा एक थर. पाच फुटांत साडेसात थर बसतात, आणि तो अर्धा थर म्हणजे शंभर फूट लांबीभर ब्लॉक आडवे कापत बसणं. सात थर घेतले तर ५६ इंच होतात, वर तीन इंचांचं कोपिंग ओतलं की ५९, म्हणजे जवळजवळ बरोबर दीड मीटर. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत कुंपणभिंतीची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून दीड मीटरपर्यंत धरली आहे; २.४ मीटरपर्यंत जायचं तर वरचे ०.९ मीटर जाळीसारखे मोकळे हवेत. थरांचं गणित आणि नियमाचं गणित इतकं नेमकं जुळतं, तरी आपल्याकडे भिंती साडेपाच फुटी का होतात, हे शेजाऱ्यांच्या साडेपाच फुटी भिंतीला विचारावं.

पूर्ण ब्लॉकांचा हाच हिशोब आडवाही लावावा. दोन कॉलममधला गाळा ९ फूट ४ इंचांचा ठेवला की त्यात सात ब्लॉक नीट बसतात. नऊ इंची अकरा कॉलम, मध्ये दहा गाळे. शंभर फूट भरून दीडेक फूट वर जातं, तेवढं एका गाळ्यात कापून घ्यायचं. दहा गाळे, गाळ्यात सात थर, थरात सात ब्लॉक: ४९० नग. फुटतुटीचे पाच टक्के धरून ५१५.

आता सिमेंट. ४९० ब्लॉकांच्या सगळ्या सांध्यांना १:६ चा माल लावला तर किती पोती लागतील? बहुतेक जण दहा-पंधरा सांगतात. लागतात तीन. भिंतीच्या दोन्ही बाजूंचा गिलावा एक हजार चौरस फूट भरतो. सरासरी १५ मिलिमीटर जाडी आणि १:४ चं प्रमाण धरलं तर त्याला बारा पोती. आणि अकरा फुटिंग, अकरा कॉलम, जमिनीलगतचा प्लिंथ बीम, वरचं कोपिंग, फुटिंगखालचं साधं काँक्रीट (पीसीसी) या सगळ्याला मिळून पन्नासच्या आसपास. (तीन बाय तीन फुटांची, नऊ इंच जाडीची फुटिंग आणि चार फुटांचा खड्डा धरला आहे; एम-२० काँक्रीटला घनमीटरमागे साधारण आठ पोती जातात.) एकूण पासष्ट पोत्यांतली पन्नास अशा ठिकाणी मुरतात, जिथे ब्लॉक नाहीतच. दाजींची ‘वीसेक पोती’ गिलावा आणि सांधे यांना पुरली असती.

लोखंडाचं वजन काढायला गुत्तेदाराची गरज नाही. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, १६२ ने भागायचं. मीटरमागे किलोत वजन मिळतं. बारा मिलिमीटरची सळई मीटरला ०.८८ किलोच्या पुढे, आठची ०.३९५. कॉलमच्या चार सळया, बीमच्या चार, फुटिंगच्या जाळ्या आणि रिंगा यांची बेरीज या भिंतीत चारशे किलोच्या घरात जाते. हमखास विसरतात त्या रिंगा. एकट्या कॉलमच्याच रिंगा साठ किलोंवर भरतात.

समजा ब्लॉक ४५ रुपयांना, सिमेंटचं पोतं ३७० ला आणि लोखंड किलोला ६० रुपये पडलं. मग ब्लॉकचे २३,१७५, सिमेंटचे २४,०५० आणि लोखंडाचे २४,०००. तिन्ही जवळपास सारखे. आपल्या गावचे दर घालून हीच बेरीज प्रत्येकाने करावी. आकडे हलतील, पण भिंतीच्या मालात ब्लॉकचा वाटा किती लहान आहे ते दिसल्याशिवाय राहणार नाही. यात अजून वाळू नाही, खडी नाही, खोदाई नाही, सेंट्रिंग नाही, मजुरी नाही.

वाळू दोन ब्रासच्या आत-बाहेर आणि खडीही तेवढीच. इथे ब्रास शंभर घनफुटांचा, भिंतीचा ब्रास शंभर चौरस फुटांचा. एकाच कागदावर दोन्ही येतात तेव्हा पुढे युनिट लिहिलेलं बरं. ट्रॉली आली की हौदाची आतली लांबी, रुंदी आणि भरलेली उंची फुटांत मोजावी, गुणाकाराला शंभराने भागावं. मधला ढीग कडांशी सपाट करून मगच उंची घ्यावी. शिवाय ओली वाळू फुगते. थोड्या दमट वाळूचं आकारमान कोरड्यापेक्षा पाव पटीने जास्त भरू शकतं. काचेच्या बरणीत ती वाळू भरावी, पातळीची खूण करावी, वर पाणी ओतून ढवळावी. वाळू खाली बसते आणि किती हवा विकत घेतली ते कळतं. क्रश सँड घेणाऱ्यांनी उलट, त्यातली भुकटी किती आहे ते आधी बघावं.

ब्लॉकच्या जातीबद्दल एक सांगायलाच हवं, कारण त्याचा खर्च भिंत उभी राहिल्यावर येतो. भारतीय मानकानुसार (आयएस २१८५) काँक्रीट ब्लॉकला किमान १४ दिवस पाणी मारून पुढे चार आठवडे वाळवायचं असतं. उन्हाळ्यात मागणी वाढली की मशीनवरून उतरलेला आठवड्याचा ब्लॉकही ट्रॉलीत चढतो. असा कच्चा ब्लॉक भिंतीत बसल्यावर सुकून आकसतो आणि सांध्यासांध्यातून पायरीसारख्या चिरा निघतात. त्यात विटेच्या सवयीचा गवंडी ब्लॉक हौदात भिजत घालतो. वीट भिजवायची असते. काँक्रीट ब्लॉक कोरडाच लावायचा, फार ऊन असेल तर पृष्ठभाग नुसता ओलसर करायचा. पाणी नंतर मारायचं, सांध्यांना आणि गिलाव्याला.

काळ्या मातीचं वेगळं. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडून आकसते, आणि वरची हलकी भिंत तिच्याबरोबर वर-खाली होते. घरापेक्षा कंपाउंडला ही माती जास्त छळते, कारण तिला दाबून धरायला वजनच नसतं. म्हणून फुटिंग मुरमावरच टेकली पाहिजे आणि प्लिंथ बीमखाली मोकळी फट किंवा मुरमाचा थर हवा, बीम थेट काळीवर ओतू नये. काळी फारच खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर असे अंडररीम पाइल हा मार्ग आहे. साधारण साडेतीन मीटर खोल जातात. दाजींच्या खड्ड्यांचा हिशोब असा झाला: चार बाय चारचे अकरा खड्डे चार फूट खोल म्हणजे ७०४ घनफूट. सात फूट म्हटल्यावर १,२३२. काँक्रीट चार पोत्यांनीच वाढलं, खोदाई मात्र पावणेदोन पट झाली. त्यात निघालेली काळी माती उचलून टाकणं आलं आणि मुरूम आणून भरणंही आलं. एक खड्डा आधी खणून बघायला दोन बिगाऱ्यांची एका दिवसाची मजुरी लागली असती.

कोकणात आणि गोव्यात यातलं बरंचसं गैरलागू. तिथे जांभ्याचा चिरा दारात मिळतो. घाटावरून ब्लॉक मागवणाऱ्याने आधी वाहतुकीचा दर विचारावा.

एका ठिकाणी मात्र अंदाज करणंच थांबवावं: भिंतीच्या एका बाजूची जमीन उंच असेल तिथे. मग ती कुंपणभिंत राहत नाही, तिला माती धरून ठेवायची असते. मातीची उंची दुप्पट झाली की भिंतीवरचा एकूण रेटा चौपट होतो आणि तिला उलथवणारा जोर आठपट. पाणी मुरलं की रेटा आणखी वाढतो. २९ जून २०१९ ला मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढव्याला निवासी संकुलाची भिंत पावसात शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण गेले. त्यानंतर तीनच दिवसांनी, २ जुलैला, मालाडच्या पिंपरीपाड्यात डोंगरउतारावरची भिंत पडून वीसहून अधिक माणसं दगावली. त्याच वर्षी २ डिसेंबरला तमिळनाडूत मेट्टुपालयमला कंपाउंडची भिंत घरांवर पडून १७ जणांचा मृत्यू झाला. तिन्ही वेळा जोरदार पाऊस होता. मातीला टेकलेल्या भिंतीला पाणी निघून जायला भोकं हवीत, मागे खडीचा थर हवा, आणि तिचं आरेखन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच व्हायला हवं. चौरस फुटाच्या दरात ही भिंत बसत नाही, आणि बसवून देतो म्हणणाऱ्याला काम देऊ नये.

दर पडताळायला सार्वजनिक बांधकाम विभागाची राज्य दरसूची सर्वांना पाहता येते. त्यात खोदाई, काँक्रीट, ब्लॉककाम, गिलावा यांचे दर वेगवेगळे दिलेले असतात. गुत्तेदाराकडूनही तसंच मागावं. ‘चौरस फुटाला इतके, सगळं धरून’ या वाक्यातलं ‘सगळं’ कामाच्या मध्यावर बदलतं. कोटेशन किती जुनं आहे तेही बघावं: सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ वर आला, म्हणजे करापूर्वीची किंमत तीच राहिली तर पोत्याच्या दरात शंभरामागे पावणेआठ रुपयांचा फरक पडतो. गिलाव्याची एक बाजू मोजलीय की दोन, फाटकाची जागा वजा केलीय का, माती उचलण्याचं कोण बघणार, पाणी कोण मारणार, हे लिहून घेतल्याशिवाय उचल देऊ नये. आणि त्याच्याही आधी भूमी अभिलेखची मोजणी. शेजाऱ्याच्या हद्दीत एक फूट गेलेली भिंत कितीही अचूक अंदाजाने बांधली तरी पाडावी लागते.

पैसे कमीच असतील तर कामाचे टप्पे करता येतात, पण क्रम चुकवू नये. यंदा मुरमापर्यंतचा पाया, कॉलम, बीम, ब्लॉक आणि कोपिंग करावं. सांधे नीट भरून घेतले तर गिलावा आणि रंग दोन वर्षं थांबू शकतात. बारा पोती, हजार चौरस फुटांची मजुरी तेवढी पुढे जाते. कॉलम दूरदूर टाकून किंवा खड्डा काळीतच थांबवून वाचवलेले पैसे मात्र दुसऱ्या पावसाळ्यात दुरुस्तीला जातात. तेवढंही जमत नसेल तर दगडी खांब आणि काटेरी तार लावावी. तारेचं कुंपण कुणाच्या अंगावर पडत नाही.